नळीवांचून श्वासाला साहाय्य

“व्हेंटिलेटर लावला” हे दोन शब्द ऐकले कीं रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेल्या आप्तांचे चेहरे उतरतात. कोणी देवाचें नांव घेतो, कोणी गांवीं निरोप धाडतो. पुढें नीट चौकशी केली असतां पुष्कळदां असें आढळतें कीं रोग्याच्या घशांत नळी घातलेलीच नाहीं. नाकातोंडावर एक घट्ट मुखवटा बांधला आहे, त्याला एक लवचिक नळी जोडली आहे, आणि उशाशीं एक लहानसें यंत्र फुसफुसत आहे. रोगी शुद्धीवर असून हाताच्या खुणेनें पाणी मागत आहे. उलट दुसऱ्या एखाद्या घरचीं माणसें याच मुखवट्याला ‘साधा ऑक्सिजन’ समजून निर्धास्तपणें घरीं निघून जातात. पहिल्यांचें भय अवास्तव असतें आणि दुसऱ्यांचा निर्धास्तपणाही अवास्तव असतो. वैद्यकाच्या दृष्टीनें हा मुखवटा म्हणजे एक मुदतीचा प्रयोग आहे. तो कोणावर करावयाचा, त्याची मुदत किती, आणि तो केव्हां थांबवावयाचा, हें ज्यांना कळलें त्यांना अशा प्रसंगीं योग्य निर्णय घेतां येतो. म्हणून आजचा विषय हा निवडला आहे.

मी वैद्य नव्हें. वसईजवळच्या पाचूबंदर येथें राहणारा, मुलांना विज्ञानाचीं क्रमिक पुस्तकें शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. औषध सांगणें हा माझा अधिकार नाहीं. परंतु एखादी वस्तु कशी चालते तें फळ्यावर आकृति काढून समजाविण्याची संवय मात्र आहे. त्या संवयीच्या आधारानें आज बोलणार आहें.

प्रथम श्वासाचीं कामें पाहूं. बहुतेकांना एकच काम ठाऊक असतें, तें म्हणजे हवेंतील प्राणवायु रक्तांत पोंचविणें. दुसरें काम तितकेंच महत्त्वाचें आहे: शरीरांत तयार झालेला कर्बाम्लवायु, ज्याला आजच्या पुस्तकांत कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो बाहेर टाकणें. घरांत पाणी येणें आणि सांडपाणी जाणें हीं जशीं दोन वेगळीं कामें, तसेंच हें आहे. नळाला पाणी भरपूर असलें तरी मोरी तुंबली तर घर राहण्यासारखें राहत नाहीं.

हीं दोन्ही कामें करणारा भाता म्हणजे आपली छाती. छाती व पोट यांच्यामध्यें श्वासपटल नांवाचा एक घुमटाकार स्नायु आहे. तो आंकुंचन पावून खालीं सरकला कीं छातीची पोकळी वाढते, आंतला दाब बाहेरच्या हवेहून थोडा कमी होतो आणि हवा आपोआप आंत शिरते. स्नायु सैल पडला कीं हवा बाहेर येते. निरोगी प्रौढ मनुष्य मिनिटास साधारण १२ ते २० वेळां हें करतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. ज्याला प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो, मान आणि खांदे ताणावे लागतात, त्याचा भाता मात्र थकत चाललेला असतो.

श्वसन निकामी होण्याचे यावरून दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्यांत फुप्फुसें पाण्यानें किंवा सुजेनें भरतात आणि प्राणवायु रक्तांत उतरत नाहीं. न्यूमोनिया हें याचें उदाहरण. दुसऱ्यांत भाताच दुबळा पडतो, हवेची ये-जा पुरेशी होत नाहीं आणि कर्बाम्लवायु सांचत जातो. हा वायु रक्तांत सांचला कीं रक्ताची आम्लता वाढते. रोहिणींतील रक्ताची आम्लता मोजण्याचें एक मान आहे, त्याला पीएच म्हणतात. तें निरोगी माणसांत ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान असतें. आंकडा खालीं गेला म्हणजे आम्लता वाढली. कर्बाम्लवायूचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर इतका असावा लागतो. पीएच ७.३५ च्या खालीं आणि कर्बाम्लवायु ४५ च्या वर, अशी जोडी दिसली कीं डॉक्टर सावध होतात. मुखवट्याच्या उपचाराचा खरा प्रांत येथून सुरू होतो.

आतां एक उदाहरण कल्पूं. साठी उलटलेली एक आजी आहे. तिनें विडी कधीं ओढली नाहीं, तपकीर ओढली नाहीं. परंतु वयाच्या दहाव्या वर्षापासून चुलीपुढें बसून फुंकणीनें ओलीं लांकडें पेटविलीं. घरांत गॅस आला तोंपर्यंत चाळीस वर्षांचा धूर छातींत गेला होता. तिच्या श्वासनलिका सुजून अरुंद झाल्या आहेत आणि फुप्फुसांचा लवचिकपणा गेला आहे. या रोगाला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. आपण त्याला जुनाट दमा म्हणतों, जरी दमा हा वेगळा रोग आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनीं लंडनच्या प्रोफेसर पीटर बार्न्स यांच्यासह २००९ सालीं ‘लॅन्सेट’ मध्यें एक लेख लिहिला. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा रोग मोठ्या प्रमाणावर होतो आणि जळणाचा धूर हें त्याचें एक मोठें कारण आहे, हा त्या लेखाचा विषय. म्हणजे आपल्या आजीचें दुखणें जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेलें आहे.

या रोगांत श्वास घेण्यापेक्षां सोडणें अधिक कठीण असतें. अरुंद नळ्या श्वास सोडतांना आणखी मिटतात, शिळी हवा आंत अडकून राहते, छाती फुगलेलीच राहते. घुमटासारखें असावयाचें श्वासपटल ताटासारखें सपाट होतें. सपाट झालेल्या स्नायूला ओढण्यास जागाच उरत नाहीं. अशांत सर्दी-खोकला झाला कीं तोल ढळतो. आजी धापा टाकते, रात्रीं झोंपत नाहीं, सकाळीं डोकें दुखतें, मग गुंगी येऊं लागते, बोलण्यांत विसंगति येते. घरचीं म्हणतात, “बरें झालें, डोळा लागला.” प्रत्यक्षांत ती गुंगी कर्बाम्लवायूची असूं शकते.

याच ठिकाणीं घरोघर एक धोका उभा राहिला आहे. २०२० व २०२१ सालच्या करोनाच्या सांथीनंतर पुष्कळ कुटुंबांत बोटाला लावण्याचें प्राणवायुमापक आणि प्राणवायु देणारें यंत्र आलें. बोटावरच्या यंत्रांत ८९ असा आंकडा दिसतांच मुलगा घाबरून प्राणवायूची कळ पूर्ण फिरवितो. आंकडा ९८ होतो, घरांत समाधान पसरतें आणि आजी अधिकाधिक झोंपाळू होत जाते. सीओपीडीच्या रोग्यास प्राणवायु अतिरेकानें दिल्यास कर्बाम्लवायु वाढतो, आणि बोटावरचें यंत्र त्या वायूविषयीं मुकें असतें. म्हणून अशा रोग्यांत डॉक्टर ८८ ते ९२ हेंच लक्ष्य ठेवतात. ऑस्ट्रेलियांतील टास्मानिया प्रांतांत रुग्णवाहिकेंतील रोग्यांवर याची परीक्षा झाली, ती २०१० सालीं प्रसिद्ध झाली. श्वास लागलेल्या ४०५ रोग्यांपैकीं कांहींना नेहमींप्रमाणें भरपूर प्राणवायु दिला, कांहींना मोजून दिला. भरपूर मिळालेल्यांत शेंकडा ९ दगावले; मोजून मिळालेल्यांत शेंकडा ४. तेव्हां प्राणवायु हें औषध आहे आणि औषधाप्रमाणें त्याची मात्रा असते. याचा अर्थ प्राणवायु बंद करावा असा मात्र कोणी घेऊं नये. तो अगदींच कमी पडला तरी प्राण जातो. आपल्या रोग्याचें लक्ष्य किती, हें डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन यंत्राला चिकटवून ठेवावें.

मग या आजीला हवें तरी काय? तिच्या भात्याला हात लावणारें कोणीतरी हवें. मुखवट्याचें यंत्र तें काम करतें. आपण त्याला बायपॅप म्हणतों. तें दोन दाबांवर चालतें. रोगी श्वास घेऊं लागला कीं यंत्राला त्याची चाहूल लागते आणि तें अधिक दाबानें हवा आंत लोटतें; त्यामुळें स्नायूचे कष्ट हलके होतात. रोगी श्वास सोडूं लागला कीं दाब कमी होतो, परंतु पूर्ण जात नाहीं. हा उरलेला थोडा दाब मिटूं पाहणाऱ्या नळ्यांना आंतून उघडें धरतो, आणि अडकलेली हवा बाहेर पडते. ज्या यंत्रांत सतत एकच दाब राहतो त्याला सीपॅप म्हणतात.

हा दाब केवढा असतो? घरीं एक उंच भांडें पाण्यानें भरा, त्यांत एक नळी दहा सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंका. बुडबुडे येण्यासाठीं जेवढा जोर लागतो तो पाण्याच्या दहा सेंटिमीटरचा दाब. आरंभीं श्वास सोडण्याच्या वेळचा दाब चार-पांच सेंटिमीटर आणि श्वास घेण्याच्या वेळचा दहा ते पंधरा ठेवून, रोग्याला सोसेल तसा वरचा दाब वीसपर्यंत किंवा प्रसंगीं त्याहूनही पुढें चढवितात. दिसावयास क्षुल्लक, पण थकलेल्या भात्याला तेवढी मदत पुरते.

आमच्याकडचा एक दाखला देतों. वसईच्या खाडींत ओहोटीच्या ओढींत एक म्हातारा वल्हीं मारीत आहे आणि दमला आहे. त्याला दोन रीतींनीं मदत करतां येते. एखाद्या तरण्या गड्यानें त्याच्या शेजारीं बसून वल्ह्याला हात लावावा, ही एक रीत. दुसरी रीत म्हणजे मोठ्या बोटीनें दोर बांधून होडी ओढून आणावी. पहिल्या रीतींत सुकाणू म्हाताऱ्याच्याच हातीं राहतें. तो जागा असला पाहिजे, दिशा राखूं शकला पाहिजे. मुखवटा ही पहिली रीत आणि घशांतील नळी ही दुसरी. मुखवटा लावलेला मनुष्य बोलूं शकतो, खोकून कफ काढूं शकतो, मधून मधून पाणी पिऊं शकतो, नळीमुळें फुप्फुसांत शिरणाऱ्या जंतूंपासून बऱ्याच अंशीं वांचतो. परंतु ज्याची शुद्धच हरपली, त्याच्या शेजारीं वल्हेकरी बसवून काय उपयोग? तेथें दोरच बांधला पाहिजे.

ही कल्पना कशी वाढत गेली याचा इतिहास मनोरंजक आहे. १९२८ सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथें फिलिप ड्रिंकर आणि त्यांचे सहकारी यांनीं लोखंडी फुप्फुस उपयोगांत आणलें. रोग्याला मानेपर्यंत एका पिंपांत निजवून पिंपांतील हवेचा दाब कमी-जास्त करीत. त्यासरशी छाती वरखालीं होई. १९३६ सालीं लंडनच्या पोल्टन या डॉक्टरांनीं धूळ ओढणाऱ्या घरगुती यंत्राचा पंखा उलटा वापरून मुखवट्यांतून दाबाची हवा दिली आणि हृदयविकारानें फुप्फुसांत पाणी झालेल्या रोग्यांना आराम पडतो असें दाखविलें. आजच्या मुखवट्याचा हा पूर्वज.

पुढें १९५२ सालीं कोपनहेगन शहरीं पोलिओची भयंकर सांथ आली. तेथील ब्लेगडॅम रुग्णालयांत लोखंडी फुप्फुस एकच होतें. रोग्यांच्या रक्तांत जो फरक दिसे त्याचा अर्थ तेथील डॉक्टर वेगळाच लावीत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें ओळखलें कीं हा कर्बाम्लवायूचा सांठा आहे. रोग्यांना हवा पुरेशी मिळत नाहीं. त्यानें मानेंत छिद्र पाडून नळी बसविली आणि रबरी पिशवी हातानें दाबून हवा देण्यास सुरुवात केली. यंत्रें नव्हतीं, तेव्हां सुमारें १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. तेव्हांपासून नळीचा मार्ग रूढ झाला, आणि त्यानें असंख्य जीव वांचविले. आपल्या मुंबईंतही डॉ. फरोख उदवाडिया यांनीं धनुर्वाताच्या रोग्यांवर अतिदक्षतेचे उपचार करून १५० रोग्यांचा अनुभव १९८७ सालीं प्रसिद्ध केला. धनुर्वातांत झटके थांबविण्यासाठीं स्नायु औषधानें शिथिल करावे लागतात. तेथें मुखवटा चालत नाहीं. नळीला शत्रु मानूं नये, तिचेंही स्थान आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

मुखवट्याकडे वैद्यक पुन्हां वळलें तें १९८१ नंतर. त्या वर्षीं सिडनी येथें कॉलिन सलिव्हन यांनीं घोरतांना श्वास अडणाऱ्या रोग्यांना नाकांतून सतत दाबाची हवा देऊन शांत झोंप मिळवून दिली. त्यांतून आरामशीर मुखवटे व लहान यंत्रें तयार झालीं, आणि सीओपीडीच्या तीव्र अवस्थेंतही तीं वापरून पाहावीं असें डॉक्टरांना वाटूं लागलें. १९९५ सालीं ब्रोशार या फ्रेंच डॉक्टरांनीं ८५ रोग्यांची परीक्षा प्रसिद्ध केली. नेहमींच्या उपचारांत शेंकडा ७४ जणांना नळी घालावी लागली. मुखवटा मिळालेल्यांत शेंकडा २६. २००० सालीं इंग्लंडमधील १४ रुग्णालयांच्या साध्या कक्षांत, परिचारिकांच्या हातून, २३६ रोग्यांवर हाच प्रयोग झाला. मृत्यूचें प्रमाण शेंकडा २० होतें तें शेंकडा १० वर आलें. औषधें दोन्हीकडे सारखींच होतीं. फरक होता तो मुखवट्याचा. नवीन गोळीनें एवढा लाभ क्वचितच होतो.

आपल्या देशांत अतिदक्षता-वैद्यांची संस्था १९९३ सालीं मुंबईंत स्थापन झाली. तिनें या उपचाराविषयीं मार्गदर्शक नियम तयार केले असून त्यांची नवी आवृत्ति २०२० सालीं निघाली. देशोदेशींच्या अशा नियमांचें तात्पर्य पुष्कळ अंशीं सारखेंच आहे, तें सांगतों. ज्या सीओपीडीच्या रोग्याची आम्लता वाढली आहे, त्याला मुखवटा अवश्य द्यावा. हृदय दुर्बल होऊन फुप्फुसांत पाणी उतरलें असेल तर एकदाबी किंवा दोनदाबी, कोणताही मुखवटा लवकर आराम देतो. १०६९ रोग्यांच्या २००८ सालच्या ब्रिटिश परीक्षेंत धाप लवकर कमी झाली, जरी जगण्याच्या प्रमाणांत फरक पडला नाहीं. अतिस्थूलपणामुळें किंवा स्नायूंच्या आजारामुळें भाता दुबळा झाला असेल तर उपयोग होतो. नळी काढल्यानंतर पुन्हां धाप लागण्याचा ज्यांना विशेष धोका, त्यांनाही तो लावतात. न्यूमोनियांत मात्र हात राखून वापरावा लागतो.

कोणास लावूं नये, तेंही तितकेंच निश्चित आहे. श्वास किंवा नाडी थांबलेला, रक्तदाब कोसळलेला, सारखा ओकत असलेला, कफाचा लोंढा असून खोकूं न शकणारा, चेहऱ्यास भाजलेला वा जखम झालेला, छातींत फुप्फुसाबाहेर हवा सांठलेला, अशांस मुखवटा घातक ठरूं शकतो. ओकारी मुखवट्यांत अडकून फुप्फुसांत उतरली तर नवें संकट ओढवतें. बेशुद्धींतही सहसा टाळतात. मात्र ती गुंगी केवळ कर्बाम्लवायूची असेल तर नळीची तयारी जवळ ठेवून तज्ज्ञ डॉक्टर थोडा वेळ प्रयत्न करून पाहतात.

आतां प्रत्यक्ष उपचार कसा चालतो तें पाहूं. रोग्याला पलंगावर अर्धवट बसवितात. जाणकार परिचारिका पट्टे लगेच बांधीत नाहीं. प्रथम ती मुखवटा हातानें हलकेच चेहऱ्याशीं धरते, “आजी, वारा जोरानें येईल, घाबरूं नका, त्याच्याबरोबर श्वास घ्या,” असें सांगते, आणि श्वास जुळला कीं मग पट्टे आवळते. पहिलीं दहा मिनिटें फार महत्त्वाचीं, कारण वादळांत खिडकीबाहेर तोंड काढल्यासारखा तो अनुभव असतो. पट्टे इतकेच घट्ट कीं खालून एक-दोन बोटें जावीं; फार आवळल्यास नाकाच्या दांड्यावर जखम होते, फार सैल राहिल्यास हवा डोळ्यांकडे निसटते. याबरोबरच श्वासनलिका रुंद करणारीं औषधें, सूज उतरविणारीं औषधें, जरूर तर जंतुनाशकें चालूच असतात. मुखवटा रोग बरा करीत नाहीं. औषधांना काम करण्यास अवधि मिळवून देतो.

त्यानंतर घड्याळाकडे डोळा. उपचारापूर्वीं मनगटाच्या रोहिणींतून रक्त घेऊन आम्लता मोजलेली असते. एक ते दोन तासांनीं तें पुन्हां घेतात, आणि चार ते सहा तासांनीं आणखी एकदां. सुई बोंचते, आप्तांना वाटतें, ‘म्हातारीला किती छळतात!’ परंतु बोटावरचें यंत्र ज्याविषयीं मुकें आहे तें या रक्तांतून कळतें. श्वासांची संख्या उतरली, मान-खांद्यांचें ओढणें थांबलें, माणूस अधिक शुद्धीवर आला, पीएच वर सरकला, तर प्रयोग यशस्वी होत आहे. एक-दोन तासांत यांपैकीं कांहींच घडलें नाहीं, तर मुखवटा कसा बसला, दाब पुरतो कीं नाहीं, हें एकदां तपासून, तरीही सुधारणा नसेल तर नळीचा विचार तत्काळ केला पाहिजे. मुखवट्यानें होणारी मोठी हानि ही बहुधा उशिराची हानि असते. रोगी हरत असतां ‘अजून थोडा वेळ पाहूं’ म्हणत रात्र काढली, कीं पहांटे नळी घालण्याची वेळ येते आणि तोंवर शरीराची शक्ति संपलेली असते.

करोनाच्या सांथीनें हा धडा कठोरपणें शिकविला. तेव्हां हजारों रोग्यांना मुखवट्यानें किंवा नाकांतून वेगानें सोडलेल्या प्राणवायूनें सांभाळावें लागलें. ब्रिटनमध्यें १२७३ रोग्यांवर झालेली परीक्षा २०२२ सालीं प्रसिद्ध झाली. साध्या प्राणवायूवर असलेल्यांत शेंकडा ४४ जणांना नळी लागली किंवा मृत्यु आला; एकदाबी मुखवट्यावर हें प्रमाण शेंकडा ३६ होतें. लाभ झाला, परंतु मुखवटा असूनही तिघांत एकाहून अधिक जणांच्या वांट्याला नळी किंवा मृत्यु आलाच, हेंही विसरूं नये. दुसरी गोष्ट अशी कीं या यंत्रांना प्राणवायु पुष्कळ लागतो. नाकांतून वेगानें देण्याच्या यंत्राचा प्रवाह मिनिटास ६० लिटरपर्यंत जातो. २१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिक येथील डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टांकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि वीसांहून अधिक रोगी प्राणास मुकले. यंत्र कितीही सुबक असो, त्याच्या पाठीमागें टांकी, वीज आणि जागरूक माणूस हीं तिन्ही लागतात.

आतां कुटुंबाचें कर्तव्य. रोग्याजवळ एक शांत माणूस बसावें. मुखवटा टोचतो म्हणून दयेनें तो परस्पर काढूं नये. जेवणासाठीं, पाण्यासाठीं केव्हां काढावयाचा तें परिचारिकेस विचारावें, आणि धाप जोरांत असतां मुखांत घास घालूं नये. मुखवट्यावर असलेला रोगी शांत पडला तर आनंदापूर्वीं त्याला हांक मारून पाहावी. तो ओ देत नसेल तर त्याच क्षणीं सांगावें.

सर्वांत अवघड प्रश्न डॉक्टर विचारतात तो हा: “मुखवट्यानें जमलें नाहीं, तर नळी घालावयाची काय?” हा प्रश्न मुखवटा लावतांनाच विचारला गेला पाहिजे, डॉक्टरांनीं विचारला नाहीं तर आपण विचारावा. उत्तर प्रत्येकाचें निराळें असेल. ज्याचा रोग उलटण्याजोगा आहे त्यानें नळीला भिऊन नकार देणें म्हणजे ओढून नेणाऱ्या बोटीचा दोर कापणें होय. परंतु ज्याचीं फुप्फुसें अनेक वर्षांच्या रोगानें संपलीं आहेत आणि ज्यानें शुद्धीवर असतां ‘मला नळी नको’ असें सांगितलें आहे, त्याच्या बाबतींत मुखवटा हाच शेवटचा उपचार ठरवितां येतो. धाप कमी व्हावी एवढ्यासाठींही तो लावतां येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि २०२३ सालीं त्याची रीत सोपी केली. आजीची इच्छा आजीलाच, ती बरी असतां, विचारावी. रुग्णालयाच्या जिन्यावर मध्यरात्रीं तीन भावांनीं तर्क लढवून ती सांपडत नाहीं.

ज्या रोग्यांच्या रक्तांत संकट टळल्यावरही कर्बाम्लवायु वाढलेलाच राहतो, त्यांना डॉक्टर घरीं रात्रीं वापरण्यास हेंच यंत्र देतात. २०१७ सालच्या ब्रिटिश परीक्षेंत असे ११६ रोगी होते. नुसता घरचा प्राणवायु मिळालेल्यांत वर्षभरांत शेंकडा ८० जण पुन्हां रुग्णालयांत गेले किंवा दगावले. यंत्राची जोड मिळालेल्यांत शेंकडा ६३. परंतु असें यंत्र शेजाऱ्याचें पाहून विकत आणूं नये. दाब किती ठेवावयाचे हें रक्त तपासूनच ठरतें, आणि नंतरही वेळोवेळीं तपासावें लागतें.

श्रोतेहो, इतक्या विवेचनांतून तीन गोष्टी ध्यानांत राहिल्या तरी माझें काम झालें. सीओपीडीच्या रोग्यास प्राणवायु मोजून द्या. त्याला अकारण गुंगी येऊं लागली तर बोटावरच्या आंकड्यावर विसंबून न राहतां रुग्णालय गांठा. आणि मुखवटा लागला कीं डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारा: पुन्हां रक्त केव्हां तपासणार, आणि जमलें नाहीं तर पुढें काय करणार? या प्रश्नांनीं चांगला डॉक्टर रागावत नाहीं. हे दोन प्रश्न त्याच्याही मनांत त्या वेळीं चाललेले असतात.